अकरावी-बारावीच्या वर्गात समाजशास्त्र: एका शालेय विषयाची वाटचाल



तुम्ही पदवीच्या कोणत्याही शाखेत आणि कोणत्याही वर्षाला असा, या पाठाच्या सुरुवातीला स्वतःला एक प्रश्न विचारा. ज्या समाजात आपण वाढलो, त्याचा अभ्यास करायला आपल्याला शाळेत कधी शिकवले गेले? इतिहासात राजे आणि चळवळी आल्या, भूगोलात नद्या आणि पिके आली, नागरिकशास्त्रात संसद आणि ग्रामपंचायत आली. पण कुटुंब, विवाह, जात, बाजार, स्थलांतर या गोष्टी कशा चालतात, त्या तशाच का चालतात, याचा स्वतंत्र विषय बहुतेकांना दहावीपर्यंत भेटत नाही. तो भेटतो अकरावीत, आणि तोही बहुधा कला शाखेत जाणाऱ्यांनाच.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. माझे पदव्युत्तर शिक्षण यंत्र अभियांत्रिकीतले. १९९० च्या दशकात मी अकरावीला विज्ञान शाखा घेतली, तेव्हा माझ्याच वर्गातल्या एका मैत्रिणीने कला शाखा घेतली. तिच्या दप्तरात समाजशास्त्राचे पुस्तक असे आणि आम्ही ते कधी उघडूनही पाहिले नाही. पुढे नोकरीत असताना मानव्यविद्येचा एक विषय शिकवायला माणूस नव्हता म्हणून तो माझ्या वाट्याला आला. तयारीसाठी मी अकरावी-बारावीची समाजशास्त्राची पुस्तके आणली आणि वयाच्या पस्तिशीत पहिल्यांदा वाचली. वाचताना मनात आलेला प्रश्नच या पाठाचा विषय आहे: हे मला सोळाव्या वर्षी का मिळाले नाही? त्याचे उत्तर इतिहासात आहे. तो इतिहास आपण क्रमाने पाहू.

१. सुरुवात विद्यापीठात, आणि तीही एका नगररचनाकाराकडून

भारतात समाजशास्त्र वरून खाली आले, म्हणजे आधी विद्यापीठात आणि मग शाळेत. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. कोलकात्यात ब्रजेंद्रनाथ सील यांच्या प्रयत्नांनी १९१७ च्या सुमारास या विषयाचे अध्यापन सुरू झाले होते. लखनौला १९२१ मध्ये राधाकमल मुखर्जी आले आणि तेथे अर्थशास्त्र व समाजशास्त्र एकत्र शिकवले जाऊ लागले. म्हैसूरला १९२० च्या दशकात ए. आर. वाडिया यांनी हा विषय पदवी वर्गात आणला.

यातल्या मुंबईच्या विभागाकडे नीट पाहा. त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार होते. विभागाच्या नावातही समाजशास्त्राबरोबर नागरिकशास्त्र होते. गेडिस १९१४ मध्ये भारतात आले आणि त्यांनी अनेक शहरांची पाहणी करून अहवाल लिहिले. त्यांचे म्हणणे सरळ होते: आधी पाहणी, मग आराखडा. वैद्य जसा निदान केल्याशिवाय औषध देत नाही, तसे शहर समजून घेतल्याशिवाय रस्ता आखू नये. इंदूरमध्ये प्लेगचा त्रास होता. तेथे त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीचा उपयोग केला. ज्या वस्तीत सर्वांत जास्त घरांची साफसफाई आणि डागडुजी होईल, त्या वाटेने मिरवणूक जाईल असे जाहीर झाले आणि लोकांनी आपापली घरे स्वच्छ केली. सण म्हणजे काय, मान म्हणजे काय, शेजाऱ्यांशी चढाओढ म्हणजे काय, हे ओळखल्याशिवाय असा उपाय सुचत नाही. त्यांचा इंदूरचा अहवाल १९१८ चा आहे.

म्हणजे आपल्याकडे हा विषय ज्याने विद्यापीठात उभा केला, तो माणूस गटारे, रस्ते आणि घरे यांचा विचार करणारा होता. ही गोष्ट लक्षात ठेवा. पाठाच्या शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

गेडिस यांच्यानंतर १९२४ मध्ये मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये विभागाचे प्रमुख झाले. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई हे सगळे त्यांचे विद्यार्थी. घुर्ये यांच्याच पुढाकाराने १९५१ मध्ये भारतीय समाजशास्त्र परिषद स्थापन झाली. दिल्ली विद्यापीठात श्रीनिवास यांनी १९५९ मध्ये विभाग उभा केला.

विद्यापीठाबाहेरही हा विचार चालू होताच. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे जातिसंस्थेच्या इतिहासावरील इंग्रजी पुस्तक १९०९ चे आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जातीची उत्पत्ती आणि वाढ यांवरचा निबंध ९ मे १९१६ रोजी वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. कोचीन संस्थानात एल. के. अनंतकृष्ण अय्यर आठवडाभर महाविद्यालयात शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी विनावेतन लोकजीवनाची पाहणी करत. रांचीच्या न्यायालयात वकिली करणारे शरच्चंद्र रॉय आदिवासींचे कायदे-रिवाज समजून घेता घेता मानवशास्त्रज्ञ झाले. या माणसांना शाळेत कोणी समाजशास्त्र शिकवले नव्हते. समोर पडलेल्या प्रश्नांनी त्यांना तिकडे नेले.

२. दोन याद्या: १९५३ आणि १९६६

आता शाळेकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर माध्यमिक शिक्षणासाठी डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १९५३ मध्ये आला. या आयोगाने सर्व मुलांसाठी 'सामाजिक अभ्यास' हा एकत्रित विषय सुचवला आणि वरच्या वर्गांसाठी सात गट केले: मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललित कला आणि गृहविज्ञान. मानव्यविद्येच्या गटात इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र व नागरिकशास्त्राची मूलतत्त्वे, मानसशास्त्र व तर्कशास्त्राची मूलतत्त्वे, गणित, संगीत असे विषय होते. समाजशास्त्र नव्हते. मनाचा अभ्यास यादीत आला, विचार कसा करावा याचा अभ्यास आला, पण समाजाचा स्वतंत्र अभ्यास आला नाही.

यात कोणाचा आकस शोधण्याची गरज नाही. शाळेतला विषय म्हटला की तीन गोष्टी लागतात: तो शिकलेले पुरेसे पदवीधर, पाठ्यपुस्तक, आणि पुढे पदवीला तो विषय देणारी महाविद्यालये. १९५३ मध्ये मोजक्याच विद्यापीठांत समाजशास्त्राचे विभाग होते. शिवाय सामाजिक अभ्यास या विषयात समाजाबद्दल जे सांगायचे ते येऊन जाईल, अशी समजूत होती. प्रत्यक्षात त्या विषयात इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांचीच बेरीज होत राहिली.

पुढचा टप्पा कोठारी आयोगाचा. डॉ. दौलतसिंह कोठारी अध्यक्ष होते आणि कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले जे. पी. नाईक सदस्य-सचिव होते. १९६४ मध्ये काम सुरू झाले आणि १९६६ मध्ये अहवाल सादर झाला. दहा वर्षांचे सामान्य शालेय शिक्षण, त्यावर दोन वर्षांचे उच्च माध्यमिक शिक्षण आणि नंतर पदवी, हा आज आपल्याला अंगवळणी पडलेला आराखडा याच अहवालातला. उच्च माध्यमिक टप्प्यावर विद्यार्थ्याने भाषांबरोबर तीन विषय निवडावेत, असे आयोगाने सुचवले आणि त्यासाठी यादी दिली. ती अशी: आणखी एक भाषा, इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, तर्कशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, कला, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र, भूशास्त्र आणि गृहविज्ञान.

ही यादी दोनदा वाचा. पहिल्यांदा वाचताना दिसेल की समाजशास्त्र आले. दुसऱ्यांदा वाचताना आणखी एक गोष्ट दिसेल: यादी एकच आहे. तिच्यात विज्ञान, वाणिज्य आणि कला असे कप्पे नाहीत. कागदावर तरी एखादी मुलगी भौतिकशास्त्र, गणित आणि समाजशास्त्र हे तीन विषय एकत्र घेऊ शकत होती.

३. यादी वर्गात उतरली, तेव्हा

१९७० च्या दशकात राज्या-राज्यांनी १०+२ चा आराखडा स्वीकारला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाची नव्या पद्धतीची पहिली दहावीची परीक्षा १९७७ मध्ये आणि पहिली बारावीची परीक्षा १९७९ मध्ये झाली. महाराष्ट्रात हा बदल त्याआधीच सुरू झाला होता. 'दोन वर्षे' कुठे बसवायची, याचे उत्तर मात्र प्रत्येक राज्याने वेगळे दिले. महाराष्ट्रात ती कनिष्ठ महाविद्यालयात गेली. कर्नाटकात त्यांना आजही पीयूसी म्हणतात, उत्तर प्रदेश, बिहार आणि आंध्रात इंटरमीजिएट म्हणतात, तमिळनाडूत ती उच्च माध्यमिक शाळेत आहेत. केरळात दीर्घकाळ 'प्री-डिग्री' महाविद्यालयांत चालत असे. तुमच्या वर्गात वेगवेगळ्या राज्यांतले मित्र असतील तर त्यांना विचारून पाहा. एकाच वयाच्या मुलांच्या अनुभवात किती फरक आहे ते कळेल.

नाव काहीही असले तरी एक गोष्ट जवळपास सगळीकडे घडली. आयोगाची मोकळी यादी शाखांच्या कप्प्यांत बसवली गेली. वेळापत्रक, प्रयोगशाळा, शिक्षकांची पदे आणि प्रवेशपरीक्षा या सगळ्यांना शाखा सोयीच्या होत्या. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित किंवा जीवशास्त्र लागत. त्यामुळे विज्ञान शाखेचे वेळापत्रक तेवढ्यानेच भरले. समाजशास्त्र कला शाखेत राहिले. हळूहळू शाखांची उतरंड तयार झाली. जास्त गुण मिळाले की विज्ञान, त्याखाली वाणिज्य आणि उरलेल्यांसाठी कला. 'एवढे गुण असून आर्ट्स?' हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. गंमत अशी, की समाजात उतरंड कशी तयार होते हे शिकवणारा विषय स्वतःच एका उतरंडीच्या तळाशी जाऊन बसला.

त्याचा परिणाम शिकवण्यावर झाला. विषय सोपा आहे, वाचून पास होता येते, असा समज पसरला. मार्गदर्शक पुस्तकांत व्याख्या, वैशिष्ट्ये, प्रकार आणि गुणदोष अशा चौकटी आल्या. कुटुंबाची पाच वैशिष्ट्ये पाठ करणाऱ्या मुलीला स्वतःच्या कुटुंबाकडे पाहण्याची गरज पडेनाशी झाली. दहावीपर्यंत विषयच नसल्यामुळे शाळांना समाजशास्त्राचे शिक्षक कमी लागत, आणि शिक्षक कमी म्हणून अनेक शाळा हा विषय देत नसत. हे चक्र तोडणे कोणाच्याही एकट्याच्या हातात नव्हते.

४. 'समाज' या शब्दाची अडचण

येथे थोडे थांबून भाषेकडे पाहू, कारण भारतीय भाषांत हा विषय शिकवणाऱ्याला पहिल्याच तासाला एक अडचण येते. आपण रोजच्या बोलण्यात 'समाज' हा शब्द कशासाठी वापरतो? 'आमच्या समाजाचा मेळावा आहे', 'समाजातलेच स्थळ पाहतोय', 'समाजाचे वसतिगृह आहे'. येथे समाज म्हणजे जात किंवा पोटजात. हिंदीतही हाच वापर आहे. म्हणजे 'समाजशास्त्र' हा शब्द फळ्यावर लिहिताच वर्गातल्या अनेकांच्या मनात आपापला समाज उभा राहतो, सगळ्यांचा मिळून एक समाज उभा राहत नाही.

माझ्या मते शिक्षकासाठी ही उत्तम सुरुवात आहे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कसे झाले, असे मुलांना विचारले की अर्धा अभ्यासक्रम त्यातच येतो. माणसे कोणाला आपले म्हणतात, लग्न कोणाशी जुळवतात, अडचणीत पैसे कोणाकडे मागतात, शहरात गेल्यावर खोली कोणाच्या ओळखीने मिळते, हे प्रश्न एकामागून एक निघतात.

दुसरा घोळ नागरिकशास्त्राशी होतो. नागरिकशास्त्र आपल्याला काय असायला हवे ते सांगते: सर्व नागरिक समान आहेत, अस्पृश्यता हा गुन्हा आहे. समाजशास्त्र विचारते, प्रत्यक्षात काय आहे आणि ते तसे का आहे? दोन्ही लागतात. पण दहावीपर्यंत फक्त पहिले शिकलेला विद्यार्थी दुसरा प्रश्न ऐकला की गोंधळतो. कोणी तरी देशाची निंदा करत आहे असे त्याला वाटते, नाहीतर आपल्या घरावर बोट ठेवले जात आहे असे वाटते.

५. एक धडा कसा चालतो

सामान्य समज आणि समाजशास्त्र यांत फरक काय, हे व्याख्येने कळत नाही. एक उदाहरण घेऊ. बारावीच्या लोकसंख्येच्या प्रकरणात हा विषय येतोच.

वर्गाला विचारा: मुली नकोशा का होतात? बहुतेक उत्तरे अशी येतात: गरिबी, अडाणीपणा, मागासलेपणा. आता जनगणनेचे आकडे फळ्यावर लिहा. सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४५ होती आणि २००१ मध्ये ९२७ झाली. या दहा वर्षांत देशातली साक्षरता वाढली, उत्पन्नही वाढले. मग आकडा खाली का गेला? पुढे २००१ चेच राज्यांचे आकडे लिहा: पंजाब ७९८, हरियाणा ८१९. ही देशातली सुखवस्तू राज्ये आहेत. गरिबी हेच कारण असते, तर सर्वांत वाईट आकडे सर्वांत गरीब राज्यांत असायला हवे होते.

येथे वर्ग गप्प होतो. पहिले उत्तर मोडले, आता दुसरे शोधावे लागते. मग एकेक धागा सापडतो. जमीन मुलाच्या नावावर जाते. हुंड्याचा खर्च शेतजमीन आणि प्रतिष्ठेबरोबर वाढत जातो. कुटुंब लहान ठेवायचे, पण त्यात एक मुलगा हवाच, या दोन इच्छा एकत्र आल्या की तिसऱ्या मुलीला जागा उरत नाही. आणि सोनोग्राफीचे यंत्र ज्यांना परवडते, त्यांच्यापर्यंत ते आधी पोहोचते. महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंग निदानावर निर्बंध घालणारा कायदा देशात पहिल्यांदा केला आणि १९९४ मध्ये संसदेने देशभरासाठी कायदा केला. तरीही २००१ चे आकडे असे आले. कायदा पुरेसा का पडला नाही, हा पुढचा प्रश्न.

हा धडा मी अभियांत्रिकीच्या मुलांनाही देते. ध्वनिलहरींचे परावर्तन त्यांना माझ्यापेक्षा चांगले समजते. पण त्या यंत्राचे समाजात काय होते, याचे उत्तर त्यांना कोणी शिकवलेले नसते. अमेरिकेचे समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ च्या आपल्या पुस्तकात हाच मुद्दा मांडला: एका घरातली अडचण आणि साऱ्या समाजाचा प्रश्न यांतला संबंध ओळखता आला पाहिजे. एका घरात मुलगी झाली नाही, हा योग असू शकतो. लाखो घरांत एकाच दिशेने असे घडते, तेव्हा त्याला योग म्हणता येत नाही.

या धड्यात शिक्षकाने एक पथ्य पाळायला हवे. वर्गात बसलेली मुले हा स्वतःच समाजाचा नमुना असतो. एखाद्या मुलीला तुझ्या घरी काय झाले, किंवा एखाद्या मुलाला तुझी जात कोणती, असे सर्वांसमोर विचारून उदाहरण करू नये. सोळा-सतरा वर्षांच्या वयात तो घाव फार दिवस राहतो. आकडे, नकाशा किंवा गावातल्या पाणवठ्यांची यादी समोर ठेवावी. बोलायचे की नाही, हे मुलांनी स्वतः ठरवावे.

६. २००५ नंतरची पुस्तके

अशा पद्धतीने शिकवायचे तर पुस्तकही तसे लागते. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ते तयार झाले. या आराखड्याच्या सुकाणू समितीचे अध्यक्ष वैज्ञानिक यशपाल होते. समाजशास्त्राच्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार योगेंद्र सिंग होते आणि मैत्रेयी चौधुरी यांच्यासह अनेक विद्यापीठांतले अध्यापक त्या कामात होते. अकरावीची दोन पुस्तके २००६ मध्ये आणि बारावीची दोन २००७ मध्ये निघाली. हिंदीत ती 'समाजशास्त्र परिचय', 'समाज का बोध', 'भारतीय समाज' आणि 'भारत में सामाजिक परिवर्तन एवं विकास' या नावांनी मिळतात.

या पुस्तकांचे वेगळेपण काय? बारावीच्या 'भारतीय समाज' या पुस्तकाची सुरुवातच एका अडचणीने होते: समाजशास्त्रात कोणताही विद्यार्थी कोऱ्या पाटीने येत नाही, त्याला समाजाबद्दल आधीच बरेच 'माहीत' असते, आणि ते माहीत असणेच कधी कधी शिकण्याच्या आड येते. रसायनशास्त्राच्या वर्गात ही अडचण कमी असते. आवर्तसारणीबद्दल कोणाच्या आजोबांचे ठाम मत नसते. लग्नाबद्दल असते.

दुसरे वेगळेपण म्हणजे पुस्तकात जागोजागी दिलेल्या कृती: घरातल्या मोठ्यांशी बोला, वर्तमानपत्रातली कात्रणे जमवा, बाजारात जाऊन पाहा. परीक्षेत प्रकल्पालाही गुण आहेत, आज शंभरांपैकी २०. अकरावीत संशोधन पद्धतींवर पूर्ण प्रकरण आहे. अय्यर, रॉय, घुर्ये, धूर्जटी प्रसाद मुखर्जी, देसाई आणि श्रीनिवास यांची ओळख करून देणारे प्रकरणही आहे. म्हणजे मुलांना कळते की हा विषय केवळ पॅरिस आणि लंडनहून आलेला नाही.

राज्य मंडळांनी आपापल्या भाषांत पुस्तके केली. महाराष्ट्रात बालभारतीची नवी पुस्तके अकरावीसाठी २०१९ मध्ये आणि बारावीसाठी २०२० मध्ये आली. त्यांत सामाजिक चळवळी आणि सामाजिक समस्या यांना जागा आहे. शाळेबाहेर राहिलेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतूनही बारावीला समाजशास्त्र घेता येते.

अर्थात पुस्तके बदलली म्हणून वर्ग बदलतोच असे नाही. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाचा प्रकल्प तपासायचा तर शिक्षकाला वेळ हवा. तो नसला की प्रकल्प बाजारातून तयार मिळतात. आणि पाठ्यपुस्तकात काय असावे, हा वाद कायमचाच. कोविडनंतर विद्यार्थ्यांवरचा भार कमी करण्याचे कारण देऊन २०२२ मध्ये राष्ट्रीय पाठ्यपुस्तकांतला बराच मजकूर गाळला गेला. बारावीच्या समाजशास्त्रातले भारतीय लोकशाहीच्या वाटचालीवरचे प्रकरण त्यात गेले. त्यावर अभ्यासकांत बरीच चर्चा झाली. तुम्ही दोन्ही बाजू वाचा आणि जुने पुस्तक मिळाले तर नव्याशी ताडून पाहा. पाठ्यपुस्तक हीसुद्धा समाजाने घडवलेली वस्तू आहे, हे समजण्यासाठी याहून चांगला अभ्यास नाही.

७. पुन्हा १९६६ च्या यादीकडे

२९ जुलै २०२० रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान यांच्यामध्ये कठोर भिंती नसाव्यात, असे म्हटले आहे. माध्यमिक टप्प्यावर विद्यार्थ्यांना विषय निवडण्याची मोकळीक द्यावी, असेही आहे. हे नवे वाटत असेल तर वर दिलेली कोठारी आयोगाची यादी पुन्हा वाचा. भौतिकशास्त्र आणि समाजशास्त्र त्या यादीत शेजारी शेजारी होते. मधल्या पन्नास वर्षांत भिंत धोरणाने उभी केली नाही. वेळापत्रकाने, प्रवेशपरीक्षांनी आणि प्रतिष्ठेच्या कल्पनांनी केली. म्हणून ती केवळ धोरणाने पडेल असे मानू नये. शाळेत पद मंजूर झाले पाहिजे, वेळापत्रकात तास ठेवला पाहिजे, आणि 'एवढे गुण असून?' हा प्रश्न विचारणे थांबले पाहिजे.

यात काय पणाला लागले आहे, हे माझ्या वर्गातल्या एका प्रसंगाने सांगते. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी सांडपाण्याच्या वाहिन्यांचा एक प्रकल्प केला होता. उतार, व्यास, प्रवाहाचा वेग, सगळे गणित बरोबर होते. मी विचारले, वाहिनी तुंबली तर काय? एक जण म्हणाला, मॅडम, मेंटेनन्सची माणसे उतरतील. कोण उतरते? हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. या देशात हाताने मैला साफ करण्याची प्रथा बंद करण्यासाठी १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदा करावा लागला. त्या कामावर पिढ्यानपिढ्या कोणत्या जातींची माणसे लावली गेली, हे मुलांना माहीत नव्हते असे नाही. ऐकून माहीत होते. पण ती माहिती आणि वाहिनीचा व्यास या दोन गोष्टी एकाच वहीत लिहायच्या असतात, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. पुढच्या आठवड्यात त्यांनी आराखडा बदलला आणि माणूस न उतरवता यंत्राने सफाई करता येईल अशी तपासणी-कुंडे दाखवली. गुण तेवढेच मिळाले, पण प्रकल्प वेगळा झाला.

गेडिस यांनी शंभर वर्षांपूर्वी हेच सांगितले होते: आधी पाहणी, मग आराखडा. ज्या विषयाची आपल्याकडची सुरुवात एका नगररचनाकाराने केली, तो विषय आज शहरे आखणाऱ्या मुलांच्या वाट्याला शाळेत येत नाही. कला शाखेतल्या मुलांच्या वाट्याला येतो, पण अनेकदा पाठांतराचा विषय म्हणून येतो. दोघांचेही नुकसान होते.

तुम्ही समाजशास्त्राचे विद्यार्थी असाल आणि पुढे शिक्षक होण्याचा विचार करत असाल, तर अकरावीचा वर्ग कमी प्रतीचा समजू नका. विद्यापीठाच्या वर्गात येणारा विद्यार्थी मते पक्की करून येतो. सोळाव्या वर्षी तो अजून विचारत असतो. आणि तुम्ही विज्ञान, वाणिज्य किंवा अभियांत्रिकीचे असाल, तर अकरावी-बारावीची ही पुस्तके मिळवा आणि वाचा. ती संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. मी पस्तिशीत वाचली. तुमच्या हातात त्याहून जास्त वेळ आहे.

विचारासाठी आणि कृतीसाठी

१. १९५३ आणि १९६६ या दोन याद्यांतला फरक आपल्या शब्दांत लिहा. समाजशास्त्र आले, याशिवाय आणखी कोणता फरक तुम्हाला महत्त्वाचा वाटतो?

२. तुमच्या मातृभाषेत 'समाज' या अर्थाचे कोणते शब्द आहेत? ते शब्द रोजच्या बोलण्यात कोणासाठी वापरले जातात, याची दहा वाक्ये जमवा.

३. आपल्या राज्यातील बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकातले एक प्रकरण वाचा. त्यातला किती भाग व्याख्यांचा आहे आणि किती भाग विद्यार्थ्याला बाहेर जाऊन पाहायला सांगतो, ते नोंदवा.

४. तुमच्या महाविद्यालयाची इमारत, वसतिगृह किंवा रस्ता रोज कोण साफ करते? त्यांना कोणती साधने मिळतात? कोणाचेही नाव किंवा जात न विचारता एका पानाची पाहणी लिहा. मग ती साधने तुम्ही कशी सुधाराल, ते लिहा.